कफीलचा खोकला

समुद्राकाठी एक जेद्दा नावाचं नगर होतं. नगरात अझीझिया नावाची वस्ती, वस्तीत एक चार मजली बिल्डिंग. बिल्डिंगीत दापोलीकडची एक हमीदा राहायची. ती मी. हमीदेचा एक लेक इक्बाल, एक सून शमीम, एक नात सना. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर चीनची एक मरियम. आणि आमच्यापासून लांब, उंच भिंतीच्या बंगल्यात, एक अबू सालेह. तो आमचा कफील. त्याला अल्लानं सगळं दिलं होतं. त्यात एक खोकलाही दिला होता.

एसीच्या नळीखाली बादली ठेवतात ना, तशा ह्या खोकल्याच्या गोष्टी माझ्याकडे साठल्या. थेंब पडताना कुणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस पाय ओला होतो आणि कळतं, बादली भरली. दुपारी बायका चहाला जमल्या की कुणी म्हणतं, ‘हमीदाबी, ती मिरच्यांची सांगा.’ कुणी म्हणतं, ‘नको, वालांची सांगा.’ तुकड्यातुकड्यानं सांगून मी कंटाळले. आज अख्खी बादली ओतते.

आधी कफीलचं सांगते. सौदीत राहिलेल्याला कफील म्हणजे काय ते सांगावं लागत नाही आणि न राहिलेल्याला सांगून पटत नाही. बलदच्या जुन्या बाजारात इक्बाल मसाल्याचं दुकान चालवायचा. मिरची, धणे, वेलची, सुकी लिंबं. सकाळी शटर तो उचलायचा, रात्री तोच ओढायचा, पण पाटी अबू सालेहच्या नावाची, कारण बाहेरदेशच्या माणसाला तिथं स्वतःच्या नावावर दुकान टाकता येत नव्हतं. अबू सालेह बसतो तोवर दुकान. दुकान आहे तोवर इक्बालचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना. आणि इक्बालच्या इकाम्यावर आम्ही तिघी बायका. सना दहावीत होती.

अबू सालेहचा मुलगा सालेह परदेशात शिकून आला होता. त्याला मसाल्यानं शिंका यायच्या. त्याला त्या जागी मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, काचेचं, आत थंडगार. तो इक्बालच्या तोंडावर म्हणायचा, “बाबा थकले की हे खलास.” वाईट नव्हता तो. ‘उद्या ऊन पडेल’ तसं म्हणायचा.

तर आमच्या घराचं छप्पर टेकलं होतं अबू सालेहच्या छातीवर, आणि ती छाती खोकत होती.

*

अबू सालेह रोज झुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाआधी दुकानात यायचा, गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसायचा आणि खोकायचा. नमाज पढून आला की इक्बालबरोबर एका ताटात जेवायचा. कफील असून आपल्या माणसाच्या डब्यात जेवतो म्हणून बाजारात त्याचं फार नाव होतं.

त्याचे खोकले तीन. एक सुका, एक ओला, आणि तिसरा असा की शेवटी तो छातीवर हात ठेवून ‘या अल्लाह’ म्हणायचा. इक्बाल घरी आला की शमीम ‘जेवायला वाढू का?’ विचारायच्या आधी विचारायची, “आज कुठला?”

सुका असला तर आम्ही मासे तळायचो. तिसरा असला तर खिचडी.

मी आलं-मध पाठवलं. गावाहून अडुळसा मागवला. ज्येष्ठमध तर पुडी बांधून दिला. अबू सालेहनं पुडी इक्बालकडे परत सरकवली. म्हणाला, “माझ्याकडे मोठ्या हॉस्पिटलचं कार्ड आहे. मी मुळ्या कशाला चघळू? मुळ्या गरिबांनी चघळायच्या.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. खोकल्याला काही आहे का विचारायला लागलं. अबू सालेहनं खुर्चीतूनच तीच पुडी त्याच्या हातावर ठेवली. “घेऊन जा,” म्हणाला, “ह्याच्यासारखं दुसरं औषध नाही.”

*

औषध घेत नाही म्हटल्यावर मी म्हटलं, ही नजर आहे. एवढा बंगला, एवढी गाडी, नोकराच्या डब्यात जेवतो म्हणून एवढी वाहवा, नजर लागायला आणखी काय हवं?

पण कफीलला पाटावर बसवून मी मिरच्या ओवाळणार कशी? मग इक्बालला सांगितलं, त्याचा डोक्यावरचा रुमाल आण. तो लाल चौकड्यांचा गुतरा धुवायला टाकायच्या निमित्तानं इक्बालनं आणला. मी तो उशीवर नीट मांडला, अबू सालेहचं नाव घेतलं, मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या सात वेळा ओवाळल्या आणि तव्यात टाकल्या. मिरच्या आमच्याच दुकानातल्या, इक्बालनं निवडून आणलेल्या.

आमच्याकडे ह्याचा हिशोब पक्का आहे. नजर असेल तर मिरच्या जळल्या तरी ठसका लागत नाही. ठसका लागला तर समजायचं, नजर नव्हती.

गावी हे अंगणातल्या चुलीवर करतात. इथं खिडक्या एसीसाठी चिकटपट्टीनं बंद केलेल्या. शमीम आधी खोकली. मग सना खोकत बाथरूममध्ये गेली आणि आतून ओरडली, “दादी, आर यू ट्राइंग टु किल अस?” मी दार उघडलं, तर धूर जिन्यात गेला. जिन्यातून वर गेला, खाली गेला. माणसं टॉवेल तोंडाला लावून बाहेर आली. बिल्डिंगीचा सुदानी राखणदार खालून हाका मारत वर आला आणि अर्ध्या जिन्यात बसकण मारून खोकत राहिला.

अख्खी बिल्डिंग खोकली. म्हणजे नजर नव्हती, हे पक्कं झालं.

गुतरा दोनदा धुतला, इस्त्री केला, अत्तर लावलं. अबू सालेहनं तो डोक्यावर बांधला मात्र, त्या दिवशी तिन्ही खोकले एकामागोमाग एक आले.

*

पण त्या धुराचा एक फायदा झाला. वरच्या मजल्यावरची मरियम खाली आली.

तोवर आमची ओळख सलामापुरती. तिचा नवरा बलदमध्येच चिनी माल विकायचा. हजला आलेले त्यांच्या गावचे लोक तिच्याकडे उतरायचे, येताना औषधं, चहा, सुकं काय काय आणायचे. बाई माझ्याच वयाची, बुटकी, गाल लाल, डोक्याला पांढरी ओढणी. तिनं बघितलं, एका घरातली तीन माणसं एकाच वेळी छाती फुटेस्तोवर खोकतायत. तिला वाटलं, हिच्या घरात मोठा आजार शिरलाय. ती उलट्या पावली वर गेली, एक काचेची बरणी घेऊन आली, माझ्या हातात कोंबली आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागली.

बरणीत पांढऱ्या पांढऱ्या कळ्या. चण्याएवढ्या. नीट बघितलं तर प्रत्येक कळीत दोन पाकळ्या, एक मोठी, एक छोटी, मोठीनं छोटीला कडेवर घेतल्यासारखी. मरियम म्हणाली, “बैमू.” आणि खोटं खोटं खोकून दाखवलं.

सनानं कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, “दादी, ही फुलझाडाची मुळातली गाठ आहे. खूप उंच डोंगरात होते. चीनमध्ये कफला देतात. अँड इट्स व्हेरी एक्स्पेन्सिव्ह. आणि नावाचा अर्थ म्हणजे, शिंपल्याची आई.”

मी म्हटलं, आम्ही खाडीकाठचे, शिंपल्या टोपलीनं खाल्ल्या. त्यांची आई आज बघितली.

करायचं कसं ते मरियमनं आमच्याच ओट्यावर दाखवलं. एक नासपती घेतली, वरून झाकणासारखी कापली, आतला बियांचा भाग चमच्यानं कोरून काढला. त्या खळग्यात थोड्या कळ्या कुटून टाकल्या, वर खडीसाखर. झाकण परत बसवलं, दात कोरायची काडी खुपसली. मग वाफवायला काहीतरी हवं म्हणून ती इकडे तिकडे बघायला लागली. मी माळ्यावरनं आमचं सांदणांचं भांडं काढलं. ते बघून मरियमचा चेहरा असा फुलला, जणू मी तिच्या माहेरची निघाले.

वाफवून नासपती मऊ होते, आत पाक साठतो. चमच्यानं खायची. मी चव घेतली. वर गोड, मागं अगदी थोडं कडवट. औषध आहे असं जिभेला कळायच्या आत गिळून होतं.

*

आता ती वालांची.

शमीम महाडची. महाडच्या बाईला सोनं कमी पडलं तरी चालेल, वाल कमी पडलेले चालत नाहीत. कडवे वाल तर देशातून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत हात घालून ती काढून घ्यायची. एकदा कुणीतरी तिला सोललेले, वाळवलेले कडवे वाल आणून दिले. तिनं ते बरणीत भरले. कुठल्या? मरियमच्या बरणीसारख्याच एका बरणीत. कुठं ठेवले? मरियमच्या बरणीशेजारी.

मला विचाराल तर फरक दिसतो. शमीमला विचाराल तर अजून म्हणते, “अम्मा, पांढरं, दोन पाकळ्यांचं, बरणीत ठेवलेलं. आमच्याकडे त्याला वालच म्हणतात.”

तिनं रात्री भिजवले आणि सकाळी नारळाच्या रसात बिरडं केलं. कांदा, लसूण, आमसूल, वर कोथिंबीर. डबा बलदला गेला.

त्या दिवशी नेमका सालेहही दुकानात होता. गोण्या हलवल्या तर जागा किती निघेल, ते बघायला आला होता. जेवायची वेळ झाली. त्यांच्याकडे ताट मांडलं की समोरच्याला ‘बसा’ म्हणावंच लागतं आणि समोरच्याला बसावंच लागतं. तिघं एका ताटावर बसले. अबू सालेहनं दोन घास घेतले आणि दही मागितलं. इक्बालनं एक घास घेतला, डोळे मिटले. महाडच्या सासुरवाडीत जावयाला वाढतात ती चव, कडवी. त्यानं दुकानातूनच फोन केला, “शमीम, कडवे वाल कुठं मिळाले ग?”

सालेहला भारतातलं खाणं फारसं माहीत नव्हतं. पण पाहुणा मागं सरला तर यजमानाचा अपमान होतो, म्हणून बिचारा खात राहिला. सगळ्यात जास्त त्यानंच खाल्लं.

दुपारी मरियम खाली आली. रिकामी बरणी बघून तिनं माझ्याकडे बघितलं. मी शमीमकडे बघितलं. शमीमनं कढई दाखवली. मरियमनं हातानं विचारलं, सगळं? शमीमनं मान हलवली, सगळं. केशराच्या भावाची चीज ती, तिचं आम्ही कांदा-लसूण घालून बिरडं केलं होतं. मरियम हळूच स्टुलावर बसली. मग कढईतला उरलेला रस्सा बोटानं चाटला, विचार केला, आणि आणखी एकदा चाटला.

दुसऱ्या दिवशी तिनं नवी बरणी आणली. गळ्याला लाल दोरा बांधून. शमीमला तो दोरा तीनदा दाखवला.

आणि सालेह? एवढ्या बैमूनंतर त्याची छाती अशी साफ झाली की वर्षानुवर्षं साधा घसा खाकरला नाही. ज्याला खोकला होता त्यानं दही खाल्लं.

*

मरियमला हिंदी येत नव्हती, मला चिनी. अरबी दोघींचीही भाजीपुरती. तरी आम्ही रोज दुपारी बसायचो. नासपती कोरता कोरता ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. सना शाळेतून आली की दारात उभी राहून बघत राहायची.

एकदा तिनं विचारलं, “दादी, तुम्ही दोघी हे काय करता? ती काय म्हणाली आत्ता?”

मी म्हटलं, “तिची सून आमटीत मीठ जास्त टाकते. सांगितलं तर फुगते.”

“दादी, यू डोन्ट नो चायनीज.”

“चिनी कशाला यायला हवं? तोंड बघ ना तिचं.”

संध्याकाळी मरियमचा नवरा तिला बोलवायला आला. बाजारात राहून त्याला आपली मोडकीतोडकी हिंदी यायची. सनानं त्याला गाठलं. त्यानं मरियमला विचारलं. मरियमनं सांगितलं. तो सनाला म्हणाला, “बोलती है, बहू नमक ज्यादा डालती.” मग जरा थांबून म्हणाला, “आमटी नहीं. नूडल में.”

*

तर आता औषध मिळालं, पण अबू सालेह औषध घेणार नाही. गरिबाच्या मुळ्या.

शमीम म्हणाली, “अम्मा, औषध म्हणायचंच नाही. हलवा म्हणायचं.”

इक्बालनं डब्यातली वाटी पुढं केली. “माझ्या आईनं केलाय. हलवा.” खाण्याची चीज, तीही कुणाच्या आईच्या हातची, परत सरकवायची त्यांच्याकडे रीत नाही. अबू सालेहनं एक चमचा घेतला. मग वाटी जवळ ओढली. मग वाटी तोंडाला लावून पाक प्यायला.

रोज एक नासपती जायला लागली. हळूहळू ‘या अल्लाह’ बंद झालं. मग ओला गेला. मग सुका गेला. एका दुपारी इक्बालचा फोन आला, “अम्मा, आज एकदाही नाही.” शमीमनं त्या रात्री सुरमई तळली.

बरं वाटल्यावर औषध कुणी देतं का? आम्ही नासपती बंद केली.

दोन दिवसांनी सुका खोकला परत आला. चौथ्या दिवशी तिसरा. शमीमनं पहाटे उठून भांडं गॅसवर चढवलं. दुपारी नासपती पोचली, खोकला थांबला. असं दोन-तीनदा झालं. इक्बाल म्हणाला, “आजार मुरलाय. आता जन्मभर द्यावी लागणार.” मरियमला खुणेनं विचारलं तर तिनं कपाळाला आठ्या घातल्या. तिच्या हिशोबानं असं व्हायचं कारण नव्हतं.

*

मग एकदा मी आणि शमीम अबू सालेहच्या बंगल्यावर गेलो, त्याच्या बायकोला भेटायला. उम्मे सालेह म्हणतात तिला. मोठ्या मनाची बाई. लहान लहान पेल्यांत कहवा, ताटात हुफूफचे खजूर. मी विचारलं, “अबू सालेहचा खोकला कसा आहे?”

ती म्हणाली, “कुठला खोकला?”

मी शमीमकडे बघितलं.

“तो केव्हाच गेला,” उम्मे सालेह म्हणाली. “घरी एकदाही खोकत नाही. मला काळजी आहे ती साखरेची. डॉक्टरनं गोड बंद केलंय. मी घरातली साखर कुलपात ठेवते, खजूर मोजून देते. तरी त्याची साखर वाढतेय. कुठून वाढते, अल्लाला माहीत.”

अल्लाला माहीत होतं, आणि आता मलाही. मी खजूर तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये.

घरी येऊन मी फर्मान काढलं. नासपती जाईल, खडीसाखर नाही. आहे तेवढी तिची गोडी पुरे. दुसऱ्या दिवशी अबू सालेहनं चमचा तोंडात घातला, जीभ फिरवली, वाटीकडे बघितलं, इक्बालकडे बघितलं आणि चांगला लांबलचक खोकला.

“इक्बाल,” तो म्हणाला, “तुझ्या आईला सांग, हल्ली ह्या हलव्यात औषध कमी पडतंय.”

आम्ही त्याला औषधाचं कधी बोललोच नव्हतो.

*

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

अबू सालेह नासपतीसाठी खोकतो हे आम्हाला कळलं होतं. सालेहला नव्हतं कळलं. तो दुकानात यायचा तेव्हा बाप खोकताना दिसायचा, तिथंच, मिरच्यांच्या गोणीशेजारी. त्यानं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, मसाल्याच्या धुळीनं असेल, माणसाला आणून दाखवा. सालेहला तेवढं पुरलं. इतके दिवस त्याला मोबाइलचं दुकान हवं होतं. आता त्याला बापाचा जीव वाचवायचा होता. पहिल्या गोष्टीला नाही म्हणता येतं, दुसरीला कोण म्हणणार?

इक्बालनं घरी येऊन सांगितलं, सालेह दुकान बंद करायचं म्हणतोय. शमीम सनाच्या शाळेचे कपडे इस्त्री करत होती, ते करत राहिली. शेवटी तीच म्हणाली, “बोर्डाच्या परीक्षेपर्यंत तरी थांबतील का?” म्हाताऱ्याला जाऊन ‘तुमचा खोकला खोटा’ म्हणायचं कुणी? कफीलला? तोही मुलासमोर?

ईद जवळ आली होती. मी शमीमला म्हटलं, चल बलदला, सनाच्या ड्रेसचं कापड बघू, डबाही आपणच देऊ.

आम्ही पोचलो तर दुकानात सालेह. बरोबर सुटातला एक माणूस, हातात मोजायची टेप. तो गोण्यांमागं वाकून भिंत मोजत होता. इक्बाल धण्याच्या पोत्यावर हात ठेवून उभा. त्याच्या दाढीतले पांढरे केस ह्याच दुकानात पांढरे झालेले. अबू सालेह खुर्चीत. मी डबा गल्ल्यावर ठेवला. झाकण उघडायचा आवाज झाला आणि म्हाताऱ्यानं सवयीनं सुरुवात केली. आधी सुका.

“बघितलंत?” सालेह म्हणाला. “बाबा, ही हवा तुम्हाला मारतेय. खलास. ईद झाली की बंद. इक्बाल, मी तुझे कागद करून देतो, तिकीट देतो. माझ्या मनात काही नाही.”

म्हातारा ओल्यापर्यंत आला होता. हात छातीकडे निघाला होता.

माझी अरबी भाजीवाल्याकडे शिकलेली. तिच्यात दोनच गोष्टी सांगता येतात, आहे आणि नाही. आहेला ‘फी’, नाहीला ‘माफी’. मी नकाब सारखा केला आणि पुढं झाले.

“या अबू सालेह,” मी म्हटलं. “दुकान माफी, इक्बाल माफी.”

त्यानं माझ्याकडे बघितलं.

“इक्बाल माफी, हमीदा माफी.”

सालेहही बघायला लागला.

“हमीदा माफी,” मी म्हटलं, आणि वाटीवर बोट ठेवलं, “हलवा माफी.”

अबू सालेहचा खोकला गळ्यात अर्ध्यावर होता. बाहेर यावं की आत जावं, त्याला ठरेना. डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं तो गिळला. अख्खा, पाण्याशिवाय.

“बाबा, पाणी देऊ?” सालेह म्हणाला.

“कशाला?”

“खोकताय ना तुम्ही.”

“मी?” अबू सालेह म्हणाला. त्यानं दुकानभर नजर फिरवली आणि टेपवाल्यावर थांबवली. “हा खोकत असेल. बाहेरनं धूळ घेऊन आलाय. त्याला घालव.”

*

सालेह काही सुखासुखी मानणारा नव्हता. त्यानं बापाला हॉस्पिटलमध्ये नेलं. मोठ्या डॉक्टरनं छाती तपासली, फोटो काढला. म्हणाला, ह्या वयात इतकी स्वच्छ छाती मी बघितलेली नाही. दिवसभर कुठं बसतात हे? सालेह म्हणाला, मसाल्याच्या दुकानात. डॉक्टर म्हणाला, मग बसू द्या तिथंच. काही बदलू नका.

शिकलेला मुलगा, डॉक्टरचा शब्द कसा मोडेल? तो स्वतः दुकानात आला. मिरच्यांकडे बघितलं, धण्यांकडे बघितलं. म्हणाला, “इक्बाल, ह्या हवेत जे काही आहे, ते असंच राहू दे. शटरला रंगसुद्धा लावू नको.”

इकामे नवे झाले. सनाची दहावी झाली, बारावी झाली. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा सालेहनंच तो घेतला, मधली भिंत पाडली. मसाला दोन्हीकडं पसरला. म्हणाला, बाबांना जास्त हवा मिळेल. अबू सालेहला नासपती रोज जाते, बिनसाखरेची. खोकावं लागत नाही, तरी मिळते, हे त्याला पहिल्यांदा जरा खोटंच वाटलं होतं.

हल्ली तो थकलाय. रोज येत नाही. त्याच्या जागी सालेह येतो, मोबाइलवर बोलत उभा राहतो, बोलत बोलत निघून जातो.

परवा तो आला तेव्हा इक्बाल डबा उघडत होता. सालेहनं मोबाइल खिशात ठेवला. बापाच्या खुर्चीत नीट टेकून बसला. एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा वाटीकडे. आणि मग छातीवर हात ठेवून खोकला.

“या अल्लाह,” म्हणाला.

इक्बालनं तिथूनच घरी फोन लावला. “अम्मा,” म्हणाला, “मरियमचाचीला सांग. एक बरणी जास्त लागणार.”